बोलेल तिनं लिहायचं नाही

धाकटी गेली त्याला आठ वर्षं झाली, आणि तिची कात्री अजून कापायच्या टेबलामागच्या खिळ्याला टांगलेली आहे. डावखुऱ्या माणसाची कात्री ती. पाती उलट्या बाजूनं बसवलेली, उजव्या हातात धरली तर कापड कापलं जायच्या ऐवजी पात्यांमध्ये दुमडून बसतं, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची नाही. दर शनिवारी मी तिला तेल देते. कुणी विचारलं तर सांगते, गंज चढू नये म्हणून; पण खरं कारण एवढंच की धाकटी परत येईल तेव्हा तिनं नाक मुरडायला नको. नाक मुरडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

दुकान आमचं दोघींचं. नवे कपडे शिवायचे कमी, जुने बदलून द्यायचे जास्त: कुणाचा कोट आखूड करा, कुणाची कंबर सैल करा, गेलेल्या वडलांचा सूट मुलाच्या अंगाला बसवा. खिडकीजवळच्या खुर्चीत मी; गिऱ्हाइकाशी बोलायचं, मापं घ्यायची. पलीकडे उंच स्टुलावर ती. खडूच्या रेषेवरून कात्री चालवायची आणि माझ्या गोडबोलेपणाला मनातल्या मनात हसायचं. आई असल्यापासून हे असंच ठरून गेलेलं. दोघींत अंतर दोन वर्षांचं, चेहरे एकाच साच्यातले, आवाजही तसेच, आणि पाठमोऱ्या असलो की शेजारीपाजारी हमखास फसायचे. आमची मावशी तर फोनवर मला अजून ‘धाकटे’ म्हणूनच हाक मारते. पहिली दोन वर्षं मी तिची चूक दुरुस्त करत होते. मग नाद सोडला; बिचारीला आता धड दिसतही नाही, तिच्याशी काय वाद घालायचा.

पत्ते धाकटीनंच आणले. अठ्ठ्याहत्तर चित्रांचा टॅरोचा जोड, कोपरे मऊ झालेला, कुठल्याशा जुन्या बाजारातला. मी म्हटलं, हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं? ती म्हणाली, भविष्य कोण बघतंय, आरशासारखं बघायचं. चित्रात काय दिसतं ते बोलायचं, जे दिसतं ते आपलंच असतं. तेही वर्षातून एकदाच, जूनमधल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, कारण त्या दुपारी सावल्या सगळ्यात आखूड आणि माणसाला लपायला जागा कमी, असं तिचं शास्त्र. तीन पत्ते काढायचे. पहिला, आपण काय धरून बसलोय त्याचा. दुसरा, कशाकडे बघत नाही त्याचा. तिसरा, वाटेवर काय आहे त्याचा. नियम मात्र एकच. बोलेल तिनं लिहायचं नाही. एकीनं पत्त्याकडे बघून बोलायचं, दुसरीनं मान खाली घालून शब्दन् शब्द उतरवायचा, विचारायचं नाही, सुधारायचं नाही, आणि तिन्ही पत्ते झाल्यावरच वही फिरवून वाचायला द्यायची. आपलं आपण लिहायला बसलं की माणूस सोयीचं तेवढंच लिहितो, म्हणायची. वयानं धाकटी, पण बोलणं आजीबाईचं.

ती गेली तीही त्याच दिवशी. पत्ते मांडायचे राहिले आणि एका कोटावरून भांडण पेटलं. बाही दोन बोटं आखूड कापली गेली होती, आता माप चुकलं की कात्री, एवढाच प्रश्न. एकीनं दुसरीवर खापर फोडलं, दुसरीनं पहिलीवर, आणि रागाच्या भरात ‘जा मग, तुझ्यावाचून काही अडत नाही’ हे वाक्य बोललं गेलं. दिवस इतका मोठा की पार रस्त्याच्या टोकापर्यंत ती उन्हात दिसत राहिली. मी दारात उभी होते. एकदा तरी मान वळवेल, असं शेवटपर्यंत वाटत होतं. त्या एका न वळलेल्या मानेसाठी मी आठ वर्षं झुरतेय, आणि हे सांगायची मला आता लाज वाटत नाही.

यंदा मात्र गळ्याशी आलं. धाकटीच्या मागं कापायचं काम मीच अंगावर घेतलं, आणि आठ वर्षांत माझी एक रेष म्हणून सरळ गेली नाही. वय झालं, दुसरं काय. शेवटी कापायला एक बाई ठेवायचं ठरवलं. हुशार, हात साफ, आणि नेमकी डावखुरी. खिळ्यावरची कात्री बघून तिचा चेहराच उजळला. मी तिला म्हटलं, मोठ्या दिवशी संध्याकाळी या, तेव्हा काय ते सांगते. कात्री दिली म्हणजे स्टूल दिलं, आणि स्टूल दिलं म्हणजे धाकटी आता येत नाही हे मी माझ्या तोंडानं कबूल केलं. न द्यावी तर दुकान फार दिवस चालत नाही. रात्रंदिवस हेच डोक्यात फिरत होतं, आणि आपल्याला खरंच काय हवंय ते माझं मलाच कळत नव्हतं. म्हणून आठ वर्षांनी पत्ते बाहेर काढले.

लिहायला कोण, हा प्रश्न होता. शेजारच्या गाळ्यात सहा महिन्यांपूर्वी एक चष्मेवाले आले आहेत. वयस्कर, बोलणं मोजकं, अक्षर छापल्यासारखं. माझे डोळे त्यांनीच तपासले. तपासताना म्हणाले होते, काय दिसतंय ते सांगा, काय असायला हवं ते नको; आणि मी एक अक्षर चुकीचं वाचलं तर चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता त्यांनी ते चुकीचंच कागदावर उतरवलं होतं. मला हे फार आवडलं. निघताना त्यांनी सहज विचारलं, डावखुऱ्या का तुम्ही? मी म्हटलं, छे, ती आमची धाकटी. ‘असं,’ म्हणाले, आणि भिंग पुसत राहिले.

मोठ्या दिवशी जेवणं उरकल्यावर ते आले. मी दार लोटून घेतलं, टेबल झाडून चिंध्या खाली ढकलल्या, वही आणि पेन त्यांच्यापुढं ठेवलं. मी माझ्या खुर्चीत, ते स्टुलावर. आठ वर्षांत तिथं कुणी बसलं नव्हतं. नियम सांगितला तसे ते हसले. म्हणाले, आयुष्यभर हेच तर करतोय.

पहिला पत्ता उलटला: डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई, छातीशी फुली करून धरलेल्या दोन तलवारी. धाकटी तिला ‘पट्टीवाली’ म्हणायची. मी बोलले की ही मी. एका हातात दुकान, दुसऱ्या हातात वाट बघणं, आणि एक खाली ठेवलं तर दुसरंही सुटेल ही भीती. दुसरा पत्ता पाठमोऱ्या माणसाचा निघाला, आठ पेले नीट रचून ठेवून डोंगराकडे चाललेला. मी बोलले की ही धाकटी. मी तिला जा म्हटलं आणि ती गेली, मागं वळलीसुद्धा नाही, आणि तिचे पेले मी अजून जागचे हलवलेले नाहीत. तिसरा सूर्याचा, एक मूल घोड्यावर बसून दोन्ही हात पसरून येतंय. मी बोलले की भर दिवसा कुणीतरी यावं, बाकी मला काही नको, तिची जागा मी तशीच ठेवलीय. खिडकीतलं ऊन टेबलावर पसरलं होतं आणि चष्मेवाल्यांचं पेन एका चालीनं सरकत होतं. रडून झाल्यावर मोकळं वाटतं तसं वाटलं. कात्री द्यायची नाही, हे माझं ठरूनही गेलं.

मग त्यांनी वही फिरवली.

अक्षर स्वच्छ होतं. लिहिलं होतं: ‘ही मी. डोळे बांधून घेतलेत, म्हणजे कुठला हात माझा ते बघायला नको.’ त्याखाली: ‘ही ताई. मीच तिला जा म्हटलं. तिनं वळून बघितलं नाही. त्या संध्याकाळी मी तिची टेप गळ्यात घातली आणि तिच्या खुर्चीत बसून पाहिलं, नुसतं बसून. तेवढ्यात कुणीतरी दारातून ताई म्हणून हाक मारली. मी ओ दिली.’ आणि सगळ्यात खाली: ‘भर दिवसा ताई येतेय. पण ती आली तर बसेल कुठं? तिच्या जागेवर मी बसलेय.’

मी दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा, बोट ठेवून.

“हे मी नाही बोलले,” मी म्हटलं.

चष्मेवाल्यांनी वही स्वतःकडे ओढली, सावकाश सगळं वाचलं आणि पेनाचं टोपण लावलं.

“ताई, मी एक शब्द बदललेला नाही. मला तुमच्याबद्दल ठाऊकच काय आहे, की मी बदलेन?”

मग मी नको नको ते बोलले. भल्या माणसाला कान तपासून घ्यायला सांगितलं, माणसाच्या दुःखाची थट्टा करता म्हटलं. ते उठून निघाले. दाराशी गेल्यावर तेवढे घुटमळले. माझ्या हातांकडे बघत हलक्या आवाजात म्हणाले की पत्ते तिन्ही मी डाव्या हातानं उलटले होते. विचारायचं नाही असा नियम होता, म्हणून विचारलं नाही, म्हणाले.

ते गेल्यावर बराच वेळ मी टेबलापाशी उभी होते. दिवस काही केल्या संपत नव्हता. मनात आलं, एवढं कशाला, कात्रीच सांगेल. खोट्याच्या कपाळी गोटा. खिळ्यावरून कात्री काढली, अस्तराचा एक लांब तुकडा पसरला, खडूनं रेष मारली. उजव्या हातात धरून कात्री चालवली तर कापड पात्यांमध्ये दुमडून बसलं, अगदी बसायला हवं तसं. हुश्श झालं मला. बघितलंत, असं मोकळ्या दुकानाला सांगून मी कात्री खाली ठेवणार होते. फक्त ठेवताना ती दुसऱ्या हातात आली, आणि हातात आलीच आहे तर, म्हणून मी ती रेषेला लावली.

अस्तर या टोकापासून त्या टोकापर्यंत कापलं गेलं. रेष जराही हलली नाही. आठ वर्षांत ऐकला नव्हता तो पात्यांचा बारीक आवाज दुकानभर झाला, आणि माझ्या तोंडून हुंदका बाहेर पडला. ताई किती दिवसांत दिसली नाही, एवढंच मनात येत राहिलं.

दारावर टकटक झाली. संध्याकाळ झाली असावी, उजेडावरून काही कळत नव्हतं. नव्या बाईनं दार थोडं ढकलून आत डोकावून पाहिलं.

“ताई, आहात का?”

मी स्टुलावर बसले. खालच्या आडव्या दांडीवर लाकूड जिथं झिजून खोलगट झालंय, तिथं पाय आपोआप जाऊन टेकले. बाई हसून आत आली, बसायला जागा शोधू लागली, आणि खिडकीजवळची खुर्ची मोकळी बघून तिकडे वळली.

“तिथं नका बसू,” मी म्हटलं. “ताईची खुर्ची आहे ती. जरा बाहेर गेलीय. येईलच एवढ्यात.”