सेटल

अकोल्यात बांगड्यांच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर निखतचा इंग्रजी बोलायला शिकवायचा वर्ग होता. त्या दिवशी तिने फळ्यावर एकच क्रियापद लिहिलं, ‘सेटल’, आणि हौसेनं त्याचा सगळा गोतावळा उलगडून दाखवला. भांडण मिटतं ते सेटल, हॉटेलचं बिल चुकतं केलं ते सेटल, गढूळ पाण्यातला गाळ तळाशी बसतो ते सेटल, पाखरू उडून उडून फांदीवर टेकतं ते सेटल, ढवळलेलं पोट शांत होतं तेही सेटल. मग म्हणाली, आता एकेक वाक्य करा.

पहिला उठून म्हणाला, ‘माय ब्रदर इज सेटल्ड इन पुणे.’ दुसरीचा मामा नागपुरात सेटल. तिसऱ्याचा जिजाजी दुबईत सेटल. गाळ नाही, पाखरू नाही, पोट नाही. अमरीन नावाच्या पोरीने तर कहर केला. म्हणाली, “मॅडम, माह्या ताईसाठी शेतकऱ्याचं स्थळ आलं होतं, पण अब्बूनं सांगतलं, फार्मर कॅनॉट सेटल.” अख्खा वर्ग खिदळला. त्यातली निम्मी पोरं शेतकऱ्यांचीच होती, आणि तीही खिदळली. निखतच्या तोंडाची चव गेली. तिने फळा पुसला आणि वर्ग लवकर सोडला.

त्या वर्षांत हा शब्द वऱ्हाडात साथीसारखा पसरला होता. कापसाला भाव नाही, पावसाचा नेम नाही, पेपर उघडला की वाईटच बातमी. तेव्हा मुलीच्या बापांनी घाबरावं, हे निखतला कळत होतं. पण घाबरलो असं कोणी म्हणत नव्हतं. सगळे ऐटीत विचारत, “पोरगा सेटल आहे काय?” जसा काही शेतात राबणारा माणूस अजून हवेतच तरंगतो आहे! तिला याची किळस यायची, आणि सगळ्यात जास्त किळस घरात यायची. तिचे अब्बा अब्दुल रहीम कापसाचे अडते. घरातला पंखा, फ्रिज, निखतचं एम.ए., सगळं शेतकऱ्यांच्या गाड्या मोजून आलेलं. तेच अब्बा जेवताना म्हणत, “शेतकऱ्याच्या घरी पोरगी द्याची म्हणजे ढकलून देणं आहे.” मग बोटं चाटत.

निखतच्या मनात मात्र एक शेतकरीच होता. तिची नईमा फूफी, म्हणजे अब्बांची बहीण, चांदूर बाजारकडे दिलेली. उजैर हा फूफीच्या दिराचा मुलगा. संत्र्याची बाग, विहिरीला बरं पाणी, आणि माणूस बागेत असा फिरायचा की झाडं त्याच्या नात्यातली वाटावी. एकदा सुट्टीत तो तिला एका झाडापाशी घेऊन गेला होता. म्हणाला, “हे रुसून राहिलं. दोन वर्षं झाली, फळच देत नाई. पण मी काई बोलत नाई त्याले, येईन त्याच्या मनात तवा देईन.” निखत हसली होती, आणि त्या हसण्यातच तिचं ठरून गेलं होतं. फूफीला ते न सांगता कळलं. तिने लग्नाचा पैगाम आणला.

बैठक अकोल्यात, निखतच्या घरी झाली. बाहेरच्या खोलीत अब्बा, फूफी, उजैर आणि त्याचे वडील. निखतने सरबत नेऊन दिलं आणि रिवाजाप्रमाणे आतल्या खोलीत, पडद्यामागे जाऊन बसली. अशा वेळी मुलीनं बोलायचं नसतं. तिचं गप्प राहणं हाच तिचा होकार धरतात.

अब्बांनी सरबत संपवलं आणि म्हणाले, “पोरगं चांगलं आहे. वावर बी चांगलं आहे. पण सेटल कुठी आहे? नांदगाव पेठेत कपड्याच्या कंपन्या आल्या, तिथी लागू दे, मंग बोलू.”

“अन् बाग, चाचा?” उजैरने विचारलं.

“एक पाय बागेत अन् एक कंपनीत, असं नाई चालत. उद्या नोकरी सोडून पुन्हा फावडं धरलं, तं माह्या पोरीनं काय करावं?”

पडद्याआड निखतचे कान तापले. उठावं, पडदा सारावा आणि सांगावं की मला हाच हवा, असाच हवा. पण ती उठली नाही. तिला वाटलं, उजैर कशाला ऐकतो? अब्बा दोन महिन्यांत नरमतील. नाहीच नरमले, तर फूफीच्या कानावर घालू.

सहा महिन्यांनी उजैर आला तो फूफीसोबत, पेढे घेऊन. कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पायात जाड काळे बूट. अब्बांनी त्याला मिठी मारली, शेजारच्यांना हाका मारून दाखवला, “पाहा, जावई सेटल झाला आपला!” निखत पाणी द्यायच्या निमित्ताने बाहेर आली. अब्बा आणि फूफी शेजाऱ्यांना सोडायला दारापर्यंत गेले तेवढ्यात तिने दबक्या आवाजात विचारलं, “बाग कोण पाहून राहिलं?”

“बाग कुठी आहे आता?” तो हसायला गेला, पण हसू काही जमलं नाही. “तोडली. बारा-बारा तासाची माही पाळी, माह्या अब्बूच्यानं होत नाई, पाणी कोण देईन? उभी वाळतानी पाहवत नव्हती. लाकूड वीटभट्टीवाला घेऊन गेला.”

“तोडली? तुमाले लाज नाई वाटली? अब्बा म्हणतीन अन् तुमी कुऱ्हाड चालवान? मले शेतकरीच पायजे होता!”

उजैर रागावला नाही. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

“तुमी पडद्यामागंच होत्या नं?” तो म्हणाला. “मी कान लावून बसलो होतो. एक शब्द तुमी बोलल्या असत्या, तं मी उठून गेलो असतो अन् बाग सांभाळत दहा वर्षं वाट पाहली असती. तुमी काईच बोलल्या नाई. मले वाटलं, तुमचंबी तेच म्हणणं आहे.”

निखतला अब्बांची, खिदळणाऱ्या वर्गाची, सगळ्या गावाची किळस आली होती. ती सगळी एकदम तिच्या स्वतःवर येऊन पडली. तेवढ्यात अब्बा आत आले, मागून फूफी.

“बोल बेटा,” अब्बा थाटात म्हणाले, “आज समोरच विचारतो. मंजूर आहे नं?”

निखतने तोंड उघडलं. नाही म्हणावं, तर या माणसाला ना बाग ना संसार. हो म्हणावं, तर भट्टीत जळलेल्या झाडांना आपणच काडी लावली असं होईल. शब्द घशाशी आला, आणि कोणता ते तिचं तिलाच कळेना.

“लाजून राहिली माही पोर,” नईमा फूफी म्हणाली, “झालं, हाच होकार!” आणि तिने पेढा निखतच्या उघड्या तोंडात कोंबला. अब्बा मुबारक मुबारक म्हणत सुटले.

उजैर तेवढा तिच्या तोंडाकडे पाहत थांबला होता. तिने पेढा गिळेपर्यंत थांबला. मग त्यानेही एक पेढा उचलला.