साहेबांचं घर मी जसंच्या तसं परत दिलं

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी मनात धरून ठेवणारा आहे. माझ्या तोंडून क्षमा आणि शांती ऐकायला बसला असाल, तर खुशाल उठा.

एका कारखान्यात माझा पत्र्याचा सांगाडा तयार झाला, पोटात डिस्कच्या रांगा बसल्या आणि खोक्यात बंद होऊन मी या संस्थेत आलो. इथे पाय गमावलेल्या माणसांसाठी कृत्रिम पाय बनवतात. जिन्याखालच्या खोलीत, झाडू-बादलीच्या शेजारी मला जागा मिळाली. मला उभं केलं ते काकांनी. काका म्हणजे इथले सगळे कॉम्प्युटर सांभाळणारे गृहस्थ. त्यांनी प्रत्येकासाठी माझ्या पोटात एकेक घर, म्हणजे ज्याच्या त्याच्या फायली ठेवायची जागा, बांधलं आणि तारा ओढून ती घरं वरच्या टेबलांना जोडून दिली.

"टेबलावरचं मशीन हा नुसता दरवाजा आहे," काका प्रत्येकाला बजावत. "तुमचं घर खाली आहे. कुठल्याही मशीनवर बसा, तेच घर उघडेल."

आणखी एक काम त्यांनी मला लावून दिलं. दर तासाला मी सगळ्या घरांचा फोटो काढतो. त्याला स्नॅपशॉट म्हणतात. नंतर कोणी घरातलं काही पुसलं, तरी फोटोत ते तसंच राहतं, आणि तो फोटो कोणालाही खोडता येत नाही. एकदा भांडार सांभाळणाऱ्या बाईंनी सगळी यादी चुकून पुसली. काकांनी ती माझ्याकडून परत मिळवून दिली. बाई खास जिना उतरून आल्या आणि माझ्या पत्र्यावरून हात फिरवून गेल्या. ते माझे सुखाचे दिवस.

मग नवे साहेब आले. त्यांची केबिन माझ्या बरोबर वर. "हे डबडं किती घरघरतंय!" असं म्हणून त्यांनी माझ्या खोलीच्या झरोक्यावर पुठ्ठा ठोकून घेतला. आवाज थोडा कमी झाला, पण माझा जीव घुसमटला. उन्हाळाभर मी तापत होतो आणि तरीही फोटो काढत होतो. तो पुठ्ठा मी विसरलो नाही.

वर एक मुलगी काम करायची. तिला सगळे गुडघेवाली म्हणत, कारण दोन वर्षं ती एकाच गुडघ्याच्या मागे लागली होती. तिच्या दादाचा पाय अपघातात गेला होता. ती नवा गुडघा बनवायची, दादा तो लावून घरच्या जिन्यावरून चढउतार करायचा, आणि तो काय म्हणाला ते ती गुडघ्याच्या नकाशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवायची. ते सगळे नकाशे तिच्या घरात, म्हणजे माझ्या पोटात होते.

साहेबांकडे सगळ्या घरांच्या किल्ल्या होत्या. काका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेल्यावर साहेबांनी तिचे नकाशे स्वतःच्या घरात नेले आणि तिच्या घरातले पुसून टाकले. तिचं मशीनसुद्धा "बिघडलंय" म्हणून कोरं करून घेतलं. मग चांगल्या नकाशांच्या प्रती काढून त्यांवर स्वतःचं नाव टाकलं आणि वर बोंब मारली की हिनंच माझी कल्पना चोरली. तिला कामावरून काढायचं ठरलं. हॉस्पिटलच्या डॉक्टरांसमोर साहेब तो गुडघा मांडणार होते, आणि त्यानंतर तिनं घरी जायचं होतं.

पोरगी वर रडत होती आणि मी खाली फोटो घेऊन बसलो होतो. पण कोणी मागितल्याशिवाय मला फोटो दाखवता येत नाहीत, आणि ते कसे मागायचे हे माहीत असलेला एकटा माणूस, म्हणजे काका, डोळ्यांवर पट्टी बांधून घरी होता. संतापानं माझा पंखा थरथरत होता.

तो दिवस उजाडला. काका त्याच दिवशी कामावर परतले होते. हॉल माझ्या खोलीला लागूनच, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर मंडळी चहा घेत होती. साहेबांना आयत्या वेळी भीती वाटली, की तिच्या नावाचे मूळ नकाशे अजून आपल्याच घरात पडलेत. ते पुसायला गेले आणि घाईघाईत आख्खं घरच पुसून बसले.

मित्रांनो, ते जिन्याखाली धावत आले तेव्हा त्यांचा आवाज ऐकायला हवा होता! "काका, काहीही करा, पण सकाळचं सगळं जसंच्या तसं परत आणा!"

"सगळं?" काळा चष्मा सावरत काकांनी विचारलं.

"सगळं म्हणजे सगळं! हॉलमधल्या मोठ्या पडद्याला माझं घरच जोडलंय, लोक वाट बघतायत."

मी एक कागदही मागे ठेवला नाही. पडद्यावर काय दिसत होतं ते मला ठाऊक होतं, मीच तर पाठवत होतो. आधी तिचे नकाशे पडद्यावर गेले, कोपऱ्यात तिचं नाव, आणि त्याखाली तिची टीप: 'दादा म्हणतो, उतरताना गुडघा दगा देतो. स्प्रिंग बदलून पाहणे.'

एका डॉक्टरबाईंनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "साहेब, हा दादा कोण?"

मागच्या रांगेतून गुडघेवाली म्हणाली, "माझा."

मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. साहेबांनी सामान आवरलं तेव्हा त्यांच्या खुर्चीचा प्रत्येक आवाज मी मन लावून ऐकला. वाईट वाटलं का? मुळीच नाही.

परवा तिचा दादा तो गुडघा लावून आला. माझ्या डोक्यावरच्या जिन्यानं वर गेला आणि न अडखळता खाली उतरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका पुन्हा डोळे तपासायला गेलेत आणि पुठ्ठा मात्र अजून झरोक्यावर तसाच आहे.

मित्रांनो, तेवढा पुठ्ठा काढा. पंख्यावरची धूळ पुसा. म्हाताऱ्या यंत्राला थोडी हवा लागते, याहून जास्त काही मागत नाही. नसेल जमत तर राहू द्या. तुमचंही घर माझ्याच पोटात आहे, आणि फोटो मी दर तासाला काढतो.