एका हाताच्या दोन मुठी

मित्रांनो, कढईचं कूळ कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. मालेगावकडच्या एका भट्टीत वितळलेलं बिडाचं लोखंड साच्यात ओतलं आणि मी झाले. पेठच्या आठवडे बाजारात मंगळूने मला टिचकी मारून पारखलं. ऊन फार होतं म्हणून घरी जाताना त्याने मला डोक्यावर पालथी घातली. माझ्या आयुष्यातली ती पहिली नोकरी.

दुसरी नोकरी धरणाच्या काठावर. तुम्हाला यायचं असेल तर नाशिकहून पेठ रस्त्याला लागा. घाटाच्या अलीकडे डावीकडे एक कच्चा रस्ता पाण्याकडे उतरतो. पाटीबिटी काही नाही. धूर दिसला की गाडी थांबवायची. जांभळाखाली तीन दगडांची चूल, चुलीवर मी आणि माझ्यासमोर मंगळूची बायको सावित्रीबाई. मरळ किंवा चिलापी, जे सकाळी जाळ्यात आलं ते. लसूण, लाल मिरची, आंबोशीचे, म्हणजे वाळवलेल्या कैरीचे, दोन तुकडे आणि पळसाच्या पानावर नागलीची भाकरी. जेवायचं उघड्यावर, मांडी घालून. खुर्ची मागणाऱ्याला सावित्रीबाई दगड दाखवायची. तरी रविवारी गाड्यांची रांग लागे. पाहुणे बोटं चाटत म्हणत, "मावशी, तुमच्या हाताला चव आहे हो!" माझं नाव कोणी घेत नसे. मला राग यायचा, खोटं कशाला सांगू?

त्या घराची एक रीत होती. मंगळूच्या बापाची भातखाचरं या धरणाखाली गेली. म्हणून पहिला घास पाण्याला. भाकरीच्या तुकड्यावर माशाचा तुकडा ठेवून तो पाण्यात सोडायचा आणि मगच माणसांनी तोंड लावायचं. तोपर्यंत स्वयंपाक करणारीनेसुद्धा चव बघायची नाही. सावित्रीबाईला त्याची कधी गरजच पडली नाही. तिची मूठ म्हणजे मापच होतं.

मंगळू गेला. त्याचा मुलगा दिनेश जाळं टाकू लागला आणि सून मोहिनी चुलीपाशी आली. मोहिनी माझी लाडकी. राखेने घासून, पुसून, तेलाचं बोट फिरवल्याशिवाय ती मला कधी ठेवत नसे.

मागच्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी नाशिकहून दहा-बारा जण आले. सावित्रीबाईने रश्शात मीठ टाकलं. तेवढ्यात गाडी कुठे लावायची म्हणून कोणीतरी हाक मारली. ती गेली, हुज्जत घालून परत आली आणि तिने पुन्हा मूठभर मीठ टाकलं. मोहिनी तेव्हा पळसाची पानं आणायला वर गेली होती. पाहणारी मी एकटी. मी रटरटले, उतू गेले, विस्तवावर सांडले. सावित्रीबाईने फक्त एक लाकूड मागे ओढलं.

पहिला घास पाण्याने घेतला. पाणी काही बोललं नाही. दुसरा घास घेणारा मात्र उठून उभाच राहिला. "मावशी, हे काय! तोंडात घालवत नाही," म्हणाला आणि मोबाइल काढून चित्रण करू लागला.

सावित्रीबाईने मोहिनीकडे पाहिलं. "तू पण मीठ टाकलं का गं?"

मोहिनीने सासूच्या तोंडाकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "हां आई. माझ्याच हातून झालं."

"मंग आजपून चुलीपाशी यायचं नाय! माझ्या नवऱ्यानं कमावलेलं नाव घालवलं तू!" सगळ्यांदेखत सावित्रीबाई हे बोलली.

मला तोंड एवढं मोठं, पण वाचा नाही. त्या दिवसाइतकं मला त्याचं वाईट कधी वाटलं नव्हतं.

ते चित्रण गावोगाव फिरलं. गाड्या यायच्या थांबल्या. घरात रोज तोच विषय, रोज मोहिनीलाच टोमणे. पावसाळ्याआधी ती दिनेशबरोबर पोरीला घेऊन नाशिकला निघून गेली आणि एका कंपनीच्या उपाहारगृहात कामाला लागली. मी भिंतीशी पालथी पडले. कडेला गंज चढला. सावित्रीबाईला आता घासायचं भान राहत नसे.

परवा दुपारी शेजारचा सहादू एक मरळ घेऊन आला. म्हणाला, "वहिनी, लय दिस झाले तुमच्या हातचं खाऊन." सावित्रीबाई खुलली. तिने मला चुलीवर चढवलं. मीठ टाकलं. भाकरी थापली. मग पुन्हा मीठ टाकलं.

पाण्याचा घास सोडला, मग सहादूने एक घास घेतला आणि हात थांबवला. "वहिनी, मीठ दोनदा पडलं का?"

सावित्रीबाईने बोट बुडवून चाटलं. मग मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली.

तिने सहादूच्याच मोबाइलवरून नाशिकला फोन लावायला लावला. "मोहिनी, त्या रोजी तू मीठ टाकलंच नव्हतं ना?"

"नाय, आई."

"मंग बोलली का नाय?"

"एवढ्या लोकांमधी तुम्ही इसरल्या म्हणून कसं सांगू?"

सावित्रीबाईला रडू आवरेना. "माझं चुकलं, पोरी. घरी ये."

पलीकडून मोहिनी म्हणाली, "पोरीचं नाव हितल्या शाळेत घातलंय, आई. दिवाळीला येऊ."

मित्रांनो, माझा गंज घासून निघेल, त्याची काळजी नको. तुम्ही मात्र या. सावित्रीबाई अजून चूल पेटवते. पानावर बसा, पहिला घास पाण्याला सोडा. रस्सा अळणी असेल तर मीठ मागून घ्या. खारट असेल तर मोबाइल खिशातच राहू द्या. तिच्याजवळ जाऊन हळूच सांगा. कोणाच्या हातून झालं ते विचारू नका. आता तिथे तिच्याशिवाय दुसरं कोणी नसतं.