पेटीतला पाला

मी शंखात राहणारा खेकडा बोलतोय. पाठीमागचं अंग माझं मऊ, उघडं. म्हणून गोगलगायीचा रिकामा शंख पाठीवर घेऊन हिंडतो. मला पाहून तुम्ही म्हणता, "अय्या, किती गोड!" मला तुमच्याबद्दल तसं म्हणवत नाही.

कोकणच्या किनाऱ्यावर केवड्याच्या मुळांशी वाढलो मी. तिथे कुजक्या पानालाही चांगला वास असे. सहलीला आलेल्या अंगदने मला आणि माझ्या सोबतिणीला डब्यात घातलं आणि थेट शेवगावला आणलं.

अंगदचं खतं-औषधांचं दुकान. काउंटरवरच आमची काचेची पेटी. माझं नाक मिशांमध्ये असतं. पहिल्याच दिवशी त्या मिटून घ्याव्याशा वाटल्या. शी! फवारणीच्या औषधांचा दर्प, त्यावर अगरबत्तीचा धूर, खाली प्लास्टिकचं चकचकीत गवत. येणारा प्रत्येकजण काचेवर टिचकी मारी आणि तंबाखूच्या तोंडाने हसे.

एकदा मच्छिंद्र नावाचा शेतकरी मोसंबीची फांदी घेऊन आला. म्हणाला, "पानं गुंडाळायला लागलीत. काल फवारा मारला, तरी फरक न्हाई."

अंगदने पानं उलटीपालटी करून पाहिली, दुसरी बाटली दिली. फांदी काउंटरवरच राहिली, हिरवीगार. "खेकड्यांना खरं झाड!" म्हणत त्याने ती पेटीत खोचली.

मला त्या पानांतून दुकानातल्या औषधांचाच वास आला. मी वाळूत शिरलो. सोबतीण मात्र हिरव्याला भुकेली होती. ती वर चढली, पानं कुरतडत राहिली. संध्याकाळी ती शंख सोडून उघडी पडली. दुसरा शंख समोर नसताना आमच्यातलं कुणी असं फक्त मरताना करतं.

अंगदची बायको रुपाली दुकानात आली होती. तिने विचारलं, "ही फांदी कुठली?"

"मच्छिंद्रच्या बागेतली."

"फवारलेली?"

अंगदने फांदी पेटीतून उपसून काढली. फवारल्यावर किती दिवस फळ तोडायचं नाही, हे रोज शंभर जणांना बजावणारा माणूस!

"दुसऱ्यांना सांगताना बरं आठवतं तुम्हाला," एवढंच बोलून रुपालीने पेटी उचलली आणि घरी नेली.

घरी अंगदने वाळू बदलली. करवंट्या उकळून उन्हात वाळवल्या, काथ्या धुऊन घेतला. शेजारच्या छबूबाईंकडे जास्वंद मागायला गेला, तेव्हा मी खिडकीत होतो.

"मावशी, फवारलं न्हाई ना?" एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हातारी कडाडली, "देवाला वाहते मी ही फुलं! देवाला इख वाहीन व्हय रे?"

अंगदने मान खाली घातली. फूल आणून त्याने माझ्यापुढे धरलं. मी नांगी शंखाच्या दाराशी घट्ट लावून घेतली. त्याच्या बोटांना साबणाखालून अजून दुकानाचा वास येत होता.

अजूनही रोज तसंच चालतं. तो फूल पुढे धरून थांबतो, मी दार लावून बसतो. कंटाळून तो फूल ठेवतो आणि निघून जातो. मग मी खातो.

तुम्ही कुणी मला पाळणार असाल, तर पाला हिरवा आहे एवढं पाहून भुलू नका. तो कुठून आला, त्यावर काय मारलंय, ते आधी विचारा. म्हातारी चिडली तरी चालेल.