न्हाणीतली गोष्ट

नेत्रावती बारा वर्षांची होती तेव्हा तिनं पहिली गोष्ट रचली. ऐकणारे होते तिचे मामा, आणि गोष्ट होती आईच्या मरणाची.

औरादला तिच्या वडिलांचं, शिवशंकरप्पांचं, कापडाचं दुकान होतं. गावात शांत माणूस म्हणून नाव. घरात मात्र कापड मोजायचा एक जुना लोखंडी गज दाराआड उभा असायचा. त्या दुपारी आईला, कमलम्माला, जेवण वाढायला उशीर झाला. गज डोक्यात बसला आणि ती चुलीपाशी कोसळली, ती उठलीच नाही. नेत्रावतीनं हे दारातून पाहिलं. सहा वर्षांची धाकटी बहीण सुधारानी तेव्हा शेजारी खेळायला गेली होती.

अप्पांनी बायकोला ओढत न्हाणीत नेलं, अंगावर पाणी ओतलं आणि थोरल्या लेकीसमोर उकिडवे बसले.

"अव्वा पाय घसरून पडली. इचारलं तर काय सांगशील?"

"पाय घसरून पडली."

"न्हाई तर मला धरून नेतील. तुमा दोघींला कोन सांभाळील मग?"

संध्याकाळी मामा आले ते पोलिसांत जायच्या तयारीनंच. त्यांनी भाचीला परसात नेलं. "खरं सांग, बाळ. काय झालं?"

एवढ्या एका वाक्यावर मामांचं समाधान होणार नाही, हे तिला कळलं. म्हणून तिनं साबण घातला. हिरवा, नवा, फरशीवर पडलेला. मग उलटलेली बादली. मग आईची हाक, 'नेत्रा, टॉवेल दे गं.' आपण टॉवेल घेऊन गेलो तर... इथं तिला खरंच रडू फुटलं. मामांनी तिला पोटाशी धरलं. पोलिसांत कुणी गेलं नाही.

पुढं गुलबर्ग्याच्या कॉलेजात मराठी शिकवता शिकवता तिनं तीन कादंबऱ्या लिहिल्या. बारीकसारीक तपशिलांसाठी तिचं नाव झालं. "हे सगळं तुम्ही पाहिलंय का, मॅडम?" वाचक विचारत. ती हसून वेळ मारून नेई. तिच्या प्रत्येक कादंबरीत एखादी बाई मरायची. कुणी नदीत, कुणी गाडीखाली, कुणी विजेचा धक्का बसून. मारलं कुणालाच जायचं नाही. पेन त्या जागेशी आलं की अपघात आपोआप घडायचा. बावन्नाव्या वर्षी, चौथ्या कादंबरीत, बाई विहिरीच्या पायरीवरून घसरली तेव्हा तिनं वही मिटली आणि बिदरची बस धरली.

सुधारानी नौबादला राहायची. अप्पा तिच्याकडेच होते, ऐंशी उलटलेले, अंथरुणाला खिळलेले. सुधा त्यांना चमच्यानं पेज भरवत होती.

"अक्का? कामून अशी अचानक?"

नेत्रावतीनं तिला स्वयंपाकघरात नेलं आणि सगळं सांगितलं. गज, चूल, ओढत नेणं, काहीच वगळलं नाही. सुधा ओट्याला टेकून ऐकत राहिली.

"झालं सांगून?"

"व्हय."

"मी व्हते की घरात. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी. फरशीवर हिरवा साबण पडला व्हता. बादली उलटी व्हती. अव्वानं तुला टॉवेल मागितला."

"तू घरात नव्हतीस, सुधा. साबण नव्हताच. तो मी घातला."

"आता घालायलीस तू. पुस्तकं लिहून लिहून खरं कुठलं अन् रचलेलं कुठलं, तुला कळंना झालंय." सुधाचा आवाज चढला. "चार वर्षं झाली, त्यांचं हागणं-मुतणं मी करायले. अन् तू मला हे सांगायला आलीस?"

नेत्रावती खाटेपाशी गेली. "अप्पा, तुम्ही सांगा हिला. अव्वा कशी गेली?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडं पाहिलं. ओठ हलले.

"घसरली. बिचारी घसरली." त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते.

तिला वाटलं होतं, त्या डोळ्यांत निदान भीती दिसेल. पण ते खोटं बोलत नव्हते. मामा जाऊन वीस वर्षं झाली होती. त्या दुपारची आई आता एकट्या तिच्याजवळ उरली होती, आणि तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. सुधानं चहा विचारला नाही. ती तशीच परतली.

तीन महिन्यांनी अप्पा गेले. सुधाच्या नवऱ्याचा, प्रशांतकुमारचा, फोन आला. "अक्का, पेपरात द्यायचा मजकूर तुम्हीच लिहा. तुमच्यासारखं दुसऱ्या कुणाला जमणार?"

नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि मग कागद ओढून घेतला. 'आमचे तीर्थरूप शिवैक्य झाले. पत्नीच्या अपघाती निधनानंतर त्यांनी दोन्ही लेकींना आईची माया दिली...' दहा मिनिटांत झालं. एकही शब्द खोडावा लागला नाही.

दिवसकार्याला आलेल्या पाहुण्यांनी तिचे हात धरून सांगितलं, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. सुधानंही तिला मिठी मारली. भांडण मिटलं होतं.

चौथी कादंबरी अर्धीच राहिली. प्रकाशकाचे फोन ती उचलत नाही. कॉलेजात आता ती फक्त व्याकरणाचे तास मागून घेते.