मनगटावरचं अत्तर

"थांबा जरा, सर, उतरेल," सुनीती म्हणाली खरी, पण पडद्यावरचा आकडा उणे दीडशेला जो अडला तो हलेना.

मुठीएवढं ते शीतयंत्र. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा डोळा त्यानं उणे दोनशे अंशांच्या आसपास गार ठेवायचा, नाहीतर कॅमेऱ्याला स्वतःचीच ऊब दिसत बसते. हडपसरच्या या कारखान्यात त्याची जोडणी कित्येक वर्षं एकट्या सुनीतीच्या नावावर होती. कौतुक मोठं, पण दाव्याला बांधलेल्या गाईचंही कौतुक होतंच की! नवरा आमोद आणि लेक ओवी नागपुरात, ही इथे भाड्याच्या खोलीत. आज तिच्या हाताखाली शिकणाऱ्या उल्कानं जोडलेलं यंत्र वर्षातून एकदा येणाऱ्या परीक्षकांपुढे पास झालं, तरच सुनीतीला नागपूरच्या दुरुस्ती केंद्रात बदली मिळणार होती.

"हात कच्चा आहे हिचा," विभागप्रमुख केदार सर म्हणाले. "पॅकिंगला पाठवू."

उल्का मान खाली घालून उभी होती. तिच्याजवळ जाताच सुनीतीला हिन्याचा वास आला. काल संध्याकाळी, जाण्याच्या आनंदात, तिनं खोलीवर संक्रांतीचं हळदीकुंकू केलं होतं. उल्काच्या मनगटावर अत्तराचं बोट चांगलं दोनदा ओढलं होतं. अशा वेळी नको म्हणायची सोय असते का कुणाला? पोरीनं घासून धुतलं असणार, पण अत्तर कसलं जातंय. यंत्राच्या निर्वात पोकळीत तेलाचा अंश गेला, की त्याची वाफ सुटते आणि गारवा टिकत नाही. हे सुनीतीनंच तिला शिकवलं होतं, आणि बदलीच्या नादात स्वतःच विसरली होती.

गप्प बसली असती तरी चाललं असतं. बदली तशीही गेलीच होती.

"सर, तिचा हात चांगला आहे. काल माझ्या हळदीकुंकवात तिला अत्तर मी लावलं होतं."

केदार सरांनी चष्मा काढला. "म्हणजे आपला निरोपसमारंभ आपणच परस्पर उरकलात. छान. परीक्षक आता पुढच्या वर्षी येतील. तोवर शिकवा हिला."

बाहेर आल्यावर उल्काला रडू फुटलं. "मॅडम, मी कुणाला बोलले नसते."

"म्हणून तर मी बोलले. जा, तोंड धू."

डबा न उघडताच सुनीतीनं घरी फोन लावला. ओवीनंच उचलला.

"आई, झालं ना? बाबांनी तुझ्या साड्यांसाठी कपाटाचे दोन कप्पे रिकामे केलेत."

सुनीतीचा जीव तुटला.

"त्यात सध्या तुझी पुस्तकं ठेव," ती म्हणाली.