तुरटीच्या तीन सकाळी

माझ्या काखांना ऋतू नव्हता. ऐन थंडीतही सदऱ्यावर दोन ओली वर्तुळे उमटत. म्हणून मी काळेच कपडे वापरीत असे, आणि ईदच्या नमाजेनंतर सर्वांच्या आधी ईदगाहातून निघून जात असे. गळाभेटीसाठी हात उचलावे लागतात.

कशिशशी निकाह ठरला तेव्हा मात्र निघून जायला वाट उरली नाही. तिच्या वडिलांनी, साताऱ्याच्या फारूकचाचांनी, माझ्यासाठी पांढरी शेरवानी पाठवली. निकाह पढून झाला की नवरदेवाने साऱ्या मांडवाला गळाभेट द्यायची. त्या अर्ध्या तासासाठी मी सांगलीत, विश्रामबागेतल्या एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. काखेत बोटॉक्सची इंजेक्शने दिली की काही महिने घाम थांबतो, असे वाचले होते.

अम्मीला सांगावेच लागले. ती हबकली.

"बाईमाणसापुढं हात वर करणार तू? आन् वास आला तर? तासगावची माणसं आंघूळच करत न्हाईत म्हणंल ती!"

तिने अब्बांच्या दाढीच्या डब्यातला तुरटीचा खडा काढला. तीन सकाळी मी तो ओला करून काखांत फिरवला. न्हाणीच्या दाराबाहेरून ती विचारी, "फिरवलीस का रं झिशान? नीट फिरव."

डॉक्टरीणबाईंनी काखेला आयोडीन लावले आणि ते वाळल्यावर वर स्टार्चची पूड भुरभुरली. घाम फुटेल तिथे रंग निळाकाळा होणार होता आणि तेवढ्याच जागेत सुया द्यायच्या होत्या. एसी बंद करून आम्ही वाट पाहत राहिलो. एरवी ओथंबणारी काख त्या दिवशी परक्या घरी आलेल्या मुलासारखी गप्प होती. दोन्हीकडे रुपयाएवढा एकेक डाग उमटला, एवढेच.

"इतकाच?" त्यांनी भुवई उंचावली. "काही लावलं नाहीस ना? डिओ, पावडर?"

"काय बी न्हाई, बाई!" मागच्या खुर्चीवरून अम्मी म्हणाली. "घासूनपुसून आणलंय पोराला." आणि ती कौतुकाने हसली.

त्याच क्षणी मला उमगले, घाम तुरटीनेच आटवला होता. पण तिच्या लेखी तुरटी ही लावायची वस्तूच नव्हती, ती स्वच्छता होती. मी बोललो असतो तर ते हसू परक्या बाईसमोर विझले असते.

"नाही," मी म्हणालो.

पेनाने दोन लहान वर्तुळे आखली गेली. सुया त्यांच्या आतच टोचल्या.

बाराव्या दिवशी, निकाहच्या आदल्या संध्याकाळी, मी आरशासमोर हात उचलून पाहिले. रुपयाएवढी जागा कोरडीठाक होती आणि तिच्याभोवतीची सारी काख पाझरत होती. दवाखान्यात फोन केला. पुन्हा सुया दिल्या तरी गुण यायला आठवडा लागेल, असे कळले.

साताऱ्याच्या मांडवात खजूर वाटून झाले. फारूकचाचांनी दोन्ही हात पसरले. "या, जावईबापू!"

शेरवानीखाली बगला भिजून जड झाल्या होत्या. कोपर अंगाशी घट्ट धरून मी फक्त उजवा हात पुढे केला. त्यांचे हात थोडा वेळ तसेच हवेत राहिले. मग त्यांनी माझा तळवा हातात घेतला आणि दुसरीकडे पाहत म्हणाले, "बरं, बरं."

"पोरगं भलतंच ताठ दिसतंय," मागे कुणीतरी पुटपुटले.

जेवणाच्या वेळी अम्मीने मला बाजूला ओढले. शेरवानीकडे पाहून तिचे डोळे भरून आले.

"खोट्या सुया टोचल्या रं त्या बाईनं. फसवलं आपल्याला. व्हय ना?"

मी मान हलवली. होकारार्थी.